एकाच पानाच्या नाना चवी

बेळगावाहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघाले म्हणजे थोड्याच वेळात उचगावचा फाटा लागतो. पावसाळ्यात ह्या बाजूस गेलेल्या माणसाच्या डोळ्यांचे पारणे फिटते. भाताच्या खाचरांत पाणी साठलेले असते, बांधाबांधावर गवत वाढलेले असते आणि चंदगडच्या बाजूने येणारे ढग अगदी हाताशी आल्यासारखे वाटतात. गेल्या आषाढात रोपलावणीच्या दिवसांत तेथील एका परिचित ख्रिस्ती कुटुंबाच्या शेतावर जाण्याचा योग आला. सकाळी दहाच्या सुमारास घरची सून हातात किटली आणि पेल्यांची पिशवी घेऊन बांधावर आली. गुडघाभर चिखलातून बाया वर आल्या, चरातल्या पाण्यात त्यांनी हात धुतले आणि डोक्यावरची इरली बाजूस ठेवून त्या ओळीने बसल्या. किटलीचे झाकण उघडताच आल्याचा आणि गुळाचा वास सुटला.

सुनेने सर्वांपुढे स्टीलचे पेले मांडले. सगळ्यांनी ते उचलले. एका म्हातारीने मात्र आपल्या ओच्यातून जर्मनचा एक चेपलेला पेला काढला आणि तो पुढे केला.

"हा घ्या की आजी," सून म्हणाली.

"असू दे की वो बाई, माझा पेला हाय माझ्यापाशी."

कोणी काही बोलले नाही. चहा ओतला गेला, प्याला गेला आणि बाया पुन्हा चिखलात उतरल्या. पण तो चेपलेला पेला माझ्या मनातून जाईना. त्याविषयी मी पुढे लिहिणारच आहे. परंतु वाचकहो, तत्पूर्वी पेल्यातला चहा कोठून आला, त्याच्या जाती किती, चवी किती आणि तो आपल्या ओठांपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून येतो, हे पाहू या. दिवसातून दोनदा तरी आपण जे पितो, त्याची एवढी ओळख असणे अगत्याचे आहे.

झुडूप एक, प्रकार अनेक

हिरवा चहा, काळा चहा, पांढरा चहा अशी नावे ऐकून ही निरनिराळी झाडे असावीत, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. हे सर्व प्रकार एकाच झाडाच्या पानांचे होत. त्या झाडाच्या मुख्य उपजाती दोन. एक चीनमधील, लहान पानांची आणि थंडी सोसणारी; दुसरी आसामातील, रुंद पानांची आणि उष्ण व दमट हवेत फोफावणारी. मोकळे सोडले तर आसामी झाड चांगले उंच वाढते; परंतु पाने खुडणे सोपे जावे म्हणून मळ्यांत ते कंबरेइतके छाटून ठेवतात.

चवीतला मोठा फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. सफरचंद कापून ठेवले की त्याची फोड तांबूस पडते, हे आपण पाहतो. चहाच्या पानाचेही तसेच आहे. ते चुरगळले की त्यातील रसाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो, पान तांबडे-काळे पडते आणि त्याची चव पालटते. ही क्रिया कोठे थांबवावयाची, ह्यावर चहाची जात ठरते.

पान खुडल्याबरोबर वाफवले किंवा कढईत परतले, तर ती क्रिया सुरूच होत नाही. हा हिरवा चहा होय. चीनमध्ये तो बहुधा परततात, जपानात वाफवतात. त्याची चव किंचित तुरट असते आणि वासात ओल्या गवताचा भास होतो. कोवळ्या कळ्या नुसत्या कोमेजवून वाळवल्या म्हणजे पांढरा चहा होतो. तो फार सौम्य असतो. क्रिया अर्ध्यावर थांबवली तर ऊलाँग नावाचा चहा तयार होतो. चीनचा फुजियान प्रांत आणि तैवान बेट त्यासाठी प्रसिद्ध आहेत. क्रिया पुरती होऊ दिली की काळा चहा तयार होतो, आणि आपल्या घरात असतो तो हाच. चीनच्या युनान प्रांतातील पू-अर चहाच्या तर वड्या करून त्या वर्षानुवर्षे मुरत ठेवतात. आपल्याकडे जुन्या तांदळाची किंमत असते, तशी तेथे जुन्या चहाची असते.

काही चहांना वास बाहेरून दिलेला असतो. मोगऱ्याच्या जातीची फुले चहात मिसळून ठेवली की चहा त्यांचा सुगंध ओढून घेतो. पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला चहा धुरकट लागतो. 'अर्ल ग्रे' नावाच्या विलायती चहात बर्गामोट ह्या लिंबाच्या जातीच्या फळाचे तेल असते. चहा दुसऱ्याचा वास इतक्या लवकर घेतो, म्हणूनच घरातील चहाचा डबा हिंग-मसाल्याच्या फळीवर ठेवू नये.

चीनपासून चौलपर्यंत

चहाची जन्मभूमी चीनच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ मुलूख व त्याला लागून असलेला प्रदेश ही होय. तेथे आठव्या शतकात लू यू नावाच्या गृहस्थाने चहावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. त्यात पाने, पाणी, भांडी आणि पिण्याची रीत ह्यांचे सविस्तर विवेचन आहे. आपला 'चहा' हा शब्द मूळ चिनी 'चा' ह्यापासूनच आला. खेड्यात आपण 'च्या' म्हणतो, तेव्हा त्या मूळ उच्चाराच्या अधिकच जवळ जातो. पोर्तुगीज लोकही 'शा' म्हणतात. इंग्रजांचा 'टी' मात्र चीनच्या दुसऱ्या एका किनाऱ्यावरील बोलीतून, डच व्यापाऱ्यांच्या मार्फत गेला.

युरोपियनांना चहाची प्रथम ओळख करून देणाऱ्यांत एका कॅथॉलिक धर्मगुरूचे नाव आहे, आणि त्यांचे पाय आपल्या किनाऱ्यालाही लागले होते. गास्पार दा क्रूझ हे डॉमिनिकन संघाचे पोर्तुगीज धर्मगुरू १५४८ मध्ये पूर्वेकडे आले. गोवा, चौल, कोची असे प्रवास करीत ते पुढे गेले आणि १५५६ मध्ये चीनच्या कँटन शहरी पोहोचले. १५६९-७० मध्ये पोर्तुगालमधील एव्होरा येथे छापल्या गेलेल्या त्यांच्या चीनविषयक ग्रंथात चहाचा उल्लेख आहे. घरी पाहुणा आला की त्याला चिनी मातीच्या सुबक पेल्यातून तांबूस रंगाचे, किंचित कडवट व औषधी पेय देतात, असे त्यांनी नमूद केले. म्हणजे आपल्या धर्मबंधूंच्या लेखणीतून चहा युरोपात पोहोचला तो पाहुणचाराची वस्तू म्हणून, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १६६२ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्याच्याशी झाला. मुंबई बेट तिच्या आंदणात गेले, हे आपण शाळेत शिकतो. त्या कॅथॉलिक राणीने माहेरची चहाची सवय सासरी नेली आणि इंग्रज दरबारात चहाची प्रतिष्ठा वाढवली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

वाकून जाण्याचा दरवाजा

चहाचा सर्वांत सुंदर संस्कार झाला तो जपानात. तेथे हिरव्या चहाची पाने जात्यावर अगदी मऊ दळतात. त्या पुडीला माच्चा म्हणतात. बांबूच्या कुंचल्याने ती गरम पाण्यात घुसळली की हिरवागार, फेसाळ चहा तयार होतो. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू ह्या आचार्याने चहापानाला एका साधनेचे रूप दिले. त्याच्या चहागृहाचे दार इतके बुटके असे की उमरावालाही गुडघे टेकून आणि मान लववून आत शिरावे लागे. तलवारी बाहेर ठेवाव्या लागत. आत लहान-मोठा असा भेद नसे. दाट चहाचा एकच वाडगा एकामागून एक सर्वांच्या हाती फिरे.

ह्या रिक्यूच्या सात प्रमुख शिष्यांत ताकायामा उकोन ह्या ख्रिस्ती सरदाराची गणना होते. बाप्तिस्म्याचे त्याचे नाव जुस्तो. १५८७ मध्ये जपानच्या सत्ताधीशाने धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा उकोनने आपली जहागीर सोडली, परंतु श्रद्धा सोडली नाही. चहागृहात एकांती बसून तो प्रार्थना करी, अशी नोंद त्या काळच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी केली आहे. १६१४ मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले आणि पुढच्याच वर्षी मनिला येथे त्याने देह ठेवला. ७ फेब्रुवारी २०१७ रोजी ओसाका शहरी ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित म्हणून घोषित केले. येशूसंघाच्या जपानमधील प्रत्येक मठात पाहुण्यांसाठी चहाची व्यवस्था सिद्ध असावी, असा दंडक फादर अलेस्सांद्रो वालिन्यानो ह्यांनी घालून दिला होता. परक्या देशात सुवार्ता सांगावयास गेलेल्या त्या माणसांनी प्रथम काय शिकून घेतले, तर तेथील लोकांबरोबर बसून चहा पिणे.

आसाम, दार्जिलिंग, निलगिरी

आपल्या देशात चहाचे झाड मुळातच होते. आसामच्या पूर्व सीमेवरील सिंगफो जमातीचे लोक फार पूर्वीपासून त्याची पाने बांबूच्या नळ्यांत भरून, धुरावर धरून, त्यांचा काढा पीत असत. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस ह्या स्कॉटिश व्यापाऱ्याला त्या झाडाची माहिती मिळाली. मणिराम दिवाण ह्या आसामी गृहस्थाने त्याची सिंगफो सरदाराशी गाठ घालून दिली, असे सांगतात. आसामच्या चहाच्या पहिल्या पेट्यांचा लिलाव लंडन येथे १० जानेवारी १८३९ रोजी झाला. मणिराम दिवाणांनी पुढे स्वतः चहाचे मळे लावले. १८५७ च्या उठावात भाग घेतल्याच्या आरोपावरून १८५८ मध्ये इंग्रजांनी त्यांना फाशी दिले.

ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील हा आसामी चहा रंगाने गडद तांबडा व चवीने भारदस्त असतो. दूध-साखर घातली तरी त्याची चव दबत नाही. दार्जिलिंगची गोष्ट वेगळी. तेथे १८४१ मध्ये डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल ह्यांनी आपल्या बागेत चिनी जातीचे बी लावून पाहिले, आणि पुढे हिमालयाच्या त्या उतारांवर मळेच मळे झाले. मार्च-एप्रिलमध्ये खुडलेला दार्जिलिंगचा पहिला बहर फिकट सोनेरी आणि फुलांच्या वासाचा असतो. मे-जूनचा दुसरा बहर पिकल्या द्राक्षांची आठवण करून देतो. ह्या चहात दूध घालणे म्हणजे अत्तरात पाणी घालण्यासारखे आहे. २००४ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे कायदेशीर संरक्षण भारतात प्रथम मिळाले ते ह्याच चहाला. दक्षिणेकडील निलगिरीचा चहा स्वच्छ, तेजस्वी रंगाचा व सुवासिक असतो, आणि तेथील मळ्यांत जवळजवळ वर्षभर खुडणी चालते. हिमाचलातील कांगड्याचा चहा सौम्य असतो. १९०५ च्या भूकंपाने तेथील मळ्यांची फार हानी केली. शेजारच्या श्रीलंकेत पूर्वी कॉफीचे मळे होते. ते रोगाने नासले, तेव्हा लोक चहाकडे वळले. जेम्स टेलर ह्या स्कॉटिश माणसाने तेथे १८६७ मध्ये चहाची लागवड सुरू केली होतीच.

आता आपल्या घरातील पुडीकडे वळू. त्यातील दाणे बारीक, गोलसर असतात. पाने दिसतच नाहीत. हा सी.टी.सी. चहा होय. १९३० च्या सुमारास आसामात एक यंत्र निघाले. दातेरी रुळांतून पान चिरडले, फाडले व वळवले जाते आणि त्याचे दाणे पडतात. असा चहा चटकन उतरतो, थोड्या पुडीत पुष्कळ कप होतात आणि दुधाबरोबर तो चांगला लागतो. म्हणूनच गरिबाला परवडणारा कडक चहा त्या यंत्राने शक्य केला. भारतात वर्षाला सुमारे १३० कोटी किलो चहा होतो आणि त्यातील बहुतांश आपणच पितो.

पाने खुडणारे हात

चहाचे पान यंत्राने वळले, तरी चांगला चहा अद्याप हातांनीच खुडावा लागतो. शेंड्याची एक कळी आणि तिच्या खालची दोन कोवळी पाने, एवढेच खुडावयाचे असते. खुडणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. पाठीवर टोपली आणि डोक्यावर ऊन किंवा पाऊस घेऊन एकेक बाई दिवसाला वीस-पंचवीस किलो पाने खुडते. चार ते पाच किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो, आणि त्या एका किलोत आपले सुमारे पाचशे कप होतात. आमच्या लावणीच्या बायांना ही मेहनत काय असते, ते वेगळे सांगावयास नको.

ह्या स्त्रिया कोण? आसाम आणि उत्तर बंगालच्या मळ्यांसाठी इंग्रज मळेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर व आसपासच्या मुलखातून उराँव, मुंडा, खडिया, संथाळ अशा आदिवासी जमातींची माणसे करारावर नेली. बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरू फादर कॉन्स्टंट लीव्हन्स ह्यांनी १८८५ पासून काही वर्षे छोटा नागपुरात आदिवासींच्या जमिनींसाठी आणि श्रद्धेसाठी झिजून काम केले. तेथील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे मळ्यांत गेली. आजही आसामातील कित्येक धर्मग्राम ह्याच लोकांनी गजबजलेले आहेत. म्हणजे आपल्या कपातील पाने ज्या हातांनी खुडली, त्यांतील कित्येक हात रविवारी मिस्साला जोडले जातात.

त्यांचे हाल पुष्कळ झाले. १९२१ च्या मे महिन्यात चारगोला खोऱ्यातील हजारो मजूर उपासमारीला कंटाळून मुलूख गाठण्यास पायी निघाले. चांदपूर स्थानकावर रात्री शिपायांनी त्यांच्यावर हल्ला केला. दीनबंधू अँड्र्यूज त्यांच्या मदतीस धावून गेले होते. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मळेकामगारांसाठी कायदा झाला. घरे, दवाखाना, पाळणाघर, शाळा ह्यांची जबाबदारी मळेवाल्यांवर आली. तरीही २०१५ मध्ये केरळातील मुन्नार येथे हजारो खुडणाऱ्या स्त्रिया आपल्या संघटनांच्या पुढाऱ्यांनाही बाजूस सारून बोनससाठी रस्त्यावर बसल्या आणि त्यांनी तो मिळवला. अशा स्त्रियांच्या घामाचा चहा पिताना तो फुकट सांडू नये, एवढे तरी आपण पाहावे.

आपल्या मुलखात चहा आला

आपल्या आजोबांच्या आजोबांना चहा ठाऊक नव्हता. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे बाजारांत, स्थानकांवर चहा करून दाखवीत आणि फुकट पाजीत. गांधीजींसारख्यांनी चहाचे व्यसन नको म्हणून सांगितले. तथापि चहा घराघरांत शिरलाच. मुंबईत इराण्यांची हॉटेले निघाली. पुण्यात राजस्थानी मंडळींनी पितळी पातेल्यांत वेलदोडा-सुंठ घालून उकळलेला 'अमृततुल्य' चहा लोकप्रिय केला.

परंतु आपल्या समाजात चहाचा प्रश्न चवीपुरता कधीच नव्हता. चहा कोणाच्या हातचा आणि कोणाबरोबर, हा खरा प्रश्न होता. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये आंग्लिकन पंथाच्या मिशनऱ्यांनी एक सभा भरवली होती. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मोठमोठी मंडळी तेथे गेली. सभेनंतर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा प्यायले, कोणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी ह्यांनी ती नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध केली आणि एकच गदारोळ झाला. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांसारख्या थोर पुरुषाला १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक कप चहा, पण त्याने सारे पुणे ढवळून काढले.

आमच्या शेजारच्या कोल्हापुरात ह्याच्या अगदी उलट प्रकार घडला. संस्थानच्या चाकरीत असलेल्या गंगाराम कांबळे ह्या दलित माणसाने पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून इतर नोकरांनी त्याला बेदम मारले. तो राजर्षी शाहू महाराजांकडे रडत गेला. महाराजांनी त्याला स्वतःचा धंदा काढण्यास सांगून भांडवल दिले. त्याने चहाचे हॉटेल काढले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवीत, गंगारामला हाक मारून चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजीत. राजाने जो कप ओठांना लावला, त्याला नाही म्हणण्याची छाती कोणाची होणार?

पुढे राज्यघटनेने १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने हॉटेलात कोणाला मज्जाव करणे किंवा तेथील भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरला. तरीही हॉटेलाबाहेरच्या वेगळ्या कपबश्या खेडोपाडी पुढे पुष्कळ वर्षे दिसत राहिल्या.

घरचा चहा

आता थोडे स्वयंपाकघराकडे. आपल्या भागात गुळाला तोटा नाही आणि गुळाच्या चहाची गोडी काही औरच. परंतु त्यात दूध नासते, अशी पुष्कळ बायांची तक्रार असते. पाण्यात आले, गूळ व चहाची पूड घालून उकळावे, भांडे चुलीवरून उतरवावे आणि मग वेगळे तापवलेले दूध घालावे. ते घालून पुन्हा उकळू नये. असा चहा सहसा नासत नाही. परसात असतो तो गवती चहा खरे पाहता चहा नव्हेच; ते एक सुगंधी गवत आहे. त्याची पात चहात टाकावी किंवा नुसता काढा करावा. धने, जिरे, मिरे, सुंठ ह्यांचा आपल्या कर्नाटकातील कषायही चहाच्या पुडीवाचून होतो आणि संध्याकाळी तोच बरा. कारण रात्री चहा घेतल्याने कित्येकांची झोप जाते.

आणखी एक सांगावेसे वाटते. चहा जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेऊ नये. चहातील तुरट द्रव्ये अन्नातील लोह अंगी लागू देत नाहीत. आपल्या गावांतील पुष्कळ स्त्रियांच्या, विशेषतः गरोदर बायांच्या, अंगात रक्त कमी असते. त्यांनी जेवण आणि चहा ह्यांत तासाभराचे तरी अंतर ठेवावे. सकाळी भाकरीऐवजी नुसता चहा पिऊन शेतावर जाण्याची चालही सोडून द्यावी. मुलांना तर चहाची सवय लावूच नये.

कोनाड्यातला कप

आता त्या चेपलेल्या पेल्याकडे वळतो. तो पाहून मला माझे आजोळ आठवले. तेथे सोप्याच्या बाहेरच्या कोनाड्यात एक दांडी तुटलेला कप उपडा ठेवलेला असे. मळणीला येणाऱ्या एका बाईचा तो कप. ती आली की आम्हा मुलांपैकी कोणी तरी आतून चहा आणीत असे आणि वरूनच तिच्या कपात ओतीत असे. चहा पिऊन ती कप विसळून पुन्हा कोनाड्यात उपडा घालीत असे. ती बाई ख्रिस्तीच होती. रविवारी माझी आजी आणि ती एकाच देवळात, एकाच कठड्यापाशी गुडघे टेकून ख्रिस्तशरीर स्वीकारीत असत. त्या काळी मध्यरात्रीपासून उपास पाळून ख्रिस्तशरीर घेत. त्यामुळे मिस्सानंतरचा चहा हाच दोघींचा पहिला घोट असे. आजी तो घरात बशीत ओतून पीत असे आणि ती बाई मात्र आमच्याच अंगणात त्या तुटक्या कपातून. आजी प्रेमळ होती, दानशूर होती, दररोज संध्याकाळी जपमाळ म्हणत होती. आम्हांला कोणालाही त्यात काही विपरीत दिसले नाही. मी स्वतः त्या कपात कितीदा तरी वरून चहा ओतला आणि एकदाही विचारले नाही की हिचा कप वेगळा का.

उचगावच्या त्या म्हातारीला कोणी वेगळा पेला दिला नव्हता. तिने तो स्वतःच आणला होता. साठ-सत्तर वर्षे जे ऐकले आणि सोसले, ते तिच्या ओच्यात बांधलेले होते. कायदा झाला, कोनाडा गेला. पण नकार येण्यापूर्वीच आपला पेला पुढे करण्याची तिची सवय गेली नाही.

प्रभू येशू समारियातील विहिरीपाशी थकून बसला, तेव्हा पाणी भरावयास आलेल्या स्त्रीकडे त्याने पाणी मागितले. ती चकित झाली. कारण यहुदी लोक समारियाच्या लोकांशी व्यवहार ठेवीत नसत, त्यांची भांडीही वापरीत नसत. प्रभूजवळ पोहरा नव्हता. तो तिच्याच भांड्याने पिणार होता. पुढचे सारे मोठे संभाषण त्या मागण्यानंतर झाले. त्याने तिला प्रथम काही दिले नाही; प्रथम तिच्याकडे मागितले.

ही गोष्ट मी त्या घरच्या सुनेला सांगितली नव्हती. तिला ती माझ्याहून चांगली ठाऊक असावी. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती किटली घेऊन आली आणि म्हातारीशेजारी बांधावर बसली. म्हातारीने ओच्यातला पेला काढला. सुनेने तो हातात घेतला, त्यात चहा ओतला आणि "आज मला ह्यात पिऊ द्या आजी" असे म्हणून स्वतः ओठांना लावला. मग स्टीलचा पेला भरून म्हातारीच्या हाती दिला. म्हातारी थोडा वेळ त्याकडे पाहत राहिली. "गोड केलीस गं," एवढेच म्हणाली आणि प्यायली.

वाचकहो, आसामचा कडक चहा घ्या, दार्जिलिंगचा सुवासिक घ्या, नाही तर आपला गुळाचा घ्या. परंतु आज घरी गेल्यावर एकदा कोनाड्यात, खिडकीत, न्हाणीच्या भिंतीवर, मोरीपाशी पाहा. कामाला येणाऱ्या कोणासाठी वेगळा ठेवलेला एखादा कप तेथे असेल, तर तो आत आणा, घासा आणि आपल्या कपांत मिसळून टाका. उद्या त्यातून कोण प्यायले, हे कोणाला कळू नये.